साठीनंतर परदेशी निघताना : डास, लस आणि पिवळं पुस्तक

आंब्याच्या पेट्या रवाना झाल्या, कलमांखालचा पाचोळा गोळा झाला, की आमच्या वाडीत कपाटातले पासपोर्ट बाहेर निघतात. कुणाची लेक मस्कतला, कुणाचा मुलगा नैरोबीला, कुणाची नात मॉरिशसला. पाऊस लागायच्या आत आई-वडिलांना दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे न्यायचं, असं आता घरोघर चालतं. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका म्हणून तीस वर्षं काढली, त्यामुळे तिकीट आलं की माणसं माझ्या पडवीत येऊन बसतात. पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो : "बाई, सुयो खंयच्यो घेवच्यो लागतत?"

साठीच्या पुढच्या माणसाला याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. तरण्या माणसाला जी लस सहज देता येते, तीच सत्तरीच्या माणसाला चार गोष्टी तपासून द्यावी लागते. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या ज्येष्ठांसाठी आणि त्यांची तयारी करणाऱ्या मुलासुनांसाठी हे लिहिते आहे. निदान सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. तिकीट काढायच्या आधीच सुरुवात केलीत, तर फारच चांगलं.

आधी वाट कागदावर लिहा

वहीचं एक पान घ्या. निघाल्यापासून परत घरी पाय ठेवीपर्यंत कुठल्या कुठल्या देशात उतरणार ते क्रमाने लिहा. विमान बदलायला जिथे थांबणार, तेही लिहा. किती तास थांबणार, विमानतळाबाहेर पडणार का, हेही. मग प्रत्येक देशासमोर गाव लिहा : शहरात राहणार, की जंगल बघायला, शेतावर, समुद्रकाठी जाणार?

एवढं कशाला, असं वाटेल. पण एकाच देशात धोका जागेप्रमाणे बदलतो. केनियात नैरोबी उंचावर आहे, तिथे मलेरिया मोंबासाच्या किनाऱ्यापेक्षा कमी. पिवळा ताप हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला, डासांनी पसरणारा घातक आजार; दक्षिण आफ्रिकेला थेट गेलात तर त्याच्या लशीचा दाखला लागत नाही. पण वाटेत नैरोबी किंवा अदिस अबाबाला बारा तासांहून जास्त थांबलात, तर तोच दाखला मागतात. स्वस्त तिकीट म्हणून एजंट लांबचा थांबा गळ्यात मारतो आणि त्याचा भार वडिलांच्या दंडावर येतो. तिकीट ठरवतानाच हे बघा.

आपली माणसं जिथे जास्त जातात त्या जागांबद्दल थोडक्यात सांगते. आखाती देशांत पिवळा ताप नाही. संयुक्त अरब अमिराती २००७ पासून मलेरियामुक्त आहे. मस्कतमध्ये मात्र तिथल्या तिथे लागण झालेला डेंग्यू आढळलेला आहे, त्यामुळे वाळवंटात कसले डास, असं म्हणू नका. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, मालदीव, श्रीलंका इथे मुख्य काळजी डेंग्यूची. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात आपल्या रत्नागिरीकडून गेलेल्या मराठी माणसांची घरं आहेत, येणं-जाणं अजून आहे; तिथे आणि शेजारच्या रियुनियन बेटावर डेंग्यू आणि चिकनगुनिया दोन्ही होतात. मध्य, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेत मलेरिया आणि पिवळा ताप. ब्राझील, पेरू, कोलंबियाकडे पिवळा ताप, डेंग्यू आणि झिका (हाही डासांनी पसरणारा विषाणूचा आजार). उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्स आणि इटलीतही आता डास आजार पसरवतात. २००७ मध्ये इटलीतल्या एका खेड्यात चिकनगुनियाची साथ आली, ती केरळहून गेलेल्या एका पाहुण्यापासून सुरू झाली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचं आहे.

मग औषधांची पिशवी उपडी करा

ही पायरी सगळे गाळतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आमच्या शेजारचे तात्या आणि काकी नैरोबीला लेकीकडे निघाले होते. एजंटने फोनवर सांगितलं, "पिवळ्या तापाची लस मारून घ्या, दहा दिवसांत काम होतं." तात्या म्हणाले, "काय नाय गो, एक सुई ती काय!" मी म्हटलं, आधी गोळ्यांची पिशवी आणा. पिशवीत बीपीची गोळी होती, साखरेची होती, आणि एक छोटं पाकीट होतं, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीचं. मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी चार वर्षं चालू होती. आठवड्याला एकदाच घेतात म्हणून तात्या तिला औषधांत धरतच नव्हते.

पिवळ्या तापाची लस जिवंत विषाणूची असते, कमजोर केलेल्या. शरीराची प्रतिकारशक्ती धड असली की तो विषाणू थोडा वाढतो, शरीर त्याला ओळखायला शिकतं, काम झालं. पण प्रतिकारशक्ती औषधाने किंवा आजाराने दाबलेली असली, तर तोच कमजोर विषाणू त्रास देऊ शकतो. म्हणून डॉक्टरांसमोर या गोष्टी न विचारता सांगायच्या : संधिवाताची मेथोट्रेक्सेटसारखी औषधं किंवा महागडी इंजेक्शनं, स्टिरॉइडच्या गोळ्या, कर्करोगाचे उपचार, अवयव बदललेला असणं, एचआयव्ही, अंड्याची तीव्र ॲलर्जी, आणि छातीतल्या थायमस ग्रंथीचा आजार किंवा ती काढलेली असणं. मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा स्नायूंच्या अशक्तपणाचा आजार थायमसशी जोडलेला आहे, तोही सांगा. आटोक्यातला मधुमेह आणि रक्तदाब एवढ्याने लस अडत नाही.

पिशवीतली प्रत्येक गोळी कागदावर उतरवा, डोस आणि किती वर्षं चालू आहे ते लिहा. रक्त पातळ ठेवायची गोळी असेल तर तिच्याखाली रेघ मारा, मलेरियाच्या औषधांच्या वेळी ती लागेल.

पिवळा ताप : लस घ्यायची की नाही

भारतात पिवळा ताप नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे करवंटी-करवंटीत आहे. एक आजारी माणूस आला आणि त्याला इथला डास चावला, तर काय होईल याची सरकारला भीती आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून आपला नियम कडक आहे : पिवळ्या तापाच्या देशांतून येणाऱ्याकडे लशीचा दाखला नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. सहाच दिवस का, तर चावल्यापासून ताप यायला तीन ते सहा दिवस लागतात म्हणून.

नवख्या माणसाची फसगत इथेच होते. जाताना बऱ्याचदा कुणी काही विचारत नाही, येताना अडवतात. परदेशी पासपोर्ट असलेली नातवंडं असोत की आपले आजी-आजोबा, अगदी तान्ही बाळं सोडली तर नियम सगळ्यांना एक. वाटेत अशा देशात फक्त विमान बदललं आणि विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं नाही, तर सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याने मान्य करावी लागते.

आता साठीचा मुद्दा. ही लस एकंदरीत फार चांगली आहे, एकदा घेतली की जन्मभर पुरते. पण पहिल्यांदाच घेणाऱ्या साठीपुढच्या माणसांत गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त दिसतात : मेंदूवर सूज, किंवा लिव्हर, मूत्रपिंड असे अवयव निकामी होणं. लाखात एक-दोन, इतकं विरळ आहे हे. घाबरून जायचं कारण नाही, पण "एक सुई ती काय" असं म्हणायचंही कारण नाही. खऱ्या धोक्याच्या भागात जाणार असाल, तर पिवळा ताप त्या लशीपेक्षा कितीतरी घातक आहे आणि त्याच्यावर नेमकं औषध नाही. तिथे लस घेणंच शहाणपणाचं. उलट नैरोबी किंवा मोंबासा शहरापुरतंच राहणार असाल, तर आजाराचा धोका फार कमी असतो; लस लागते ती परत येतानाच्या नियमापुरती. अशा वेळी डॉक्टर, तुम्ही आणि मुलं यांनी बसून ठरवायचं.

तात्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लस नको. मग दोन वाटा उरल्या. एक म्हणजे सूट-दाखला, म्हणजे तब्येतीमुळे लस देता येत नाही असं डॉक्टरांचं लेखी, घेऊन जायचं आणि परतल्यावर अधिकाऱ्यांनी ठेवलंच तर सहा दिवस राहायची तयारी ठेवायची. शिवाय तिकडे डासांपासून स्वतःला जपायचं. दुसरी, लेकीनेच इकडे यायचं. काकींनी लस घेतली आणि त्या एकट्या गेल्या. तात्या घरी राहिले, रोज रात्री व्हिडिओ कॉल. मला वाईट वाटलं, पण निर्णय बरोबर होता.

आणि आता आपल्या किनाऱ्यासाठी खास गोष्ट. इकडे घरटी एखादा माणूस जहाजावर नोकरी करून आलेला. त्यांच्या जुन्या ट्रंकेत खलाशी-पुस्तिकेबरोबर एक पिवळं पुस्तकही असतं, लशीच्या नोंदीचं. त्यावर "दहा वर्षांसाठी ग्राह्य" असं लिहिलेलं असेल आणि ती मुदत कधीच उलटून गेली असेल. फेकू नका! ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलले आणि हा दाखला जन्मभर ग्राह्य झाला, जुन्या पुस्तकांसकट. म्हणजे १९८५ साली बोटीवर चढताना लस घेतलेल्या आबांना सत्तरीत पुन्हा लस घ्यायची गरज नाही. गंभीर दुष्परिणाम जवळजवळ सगळे पहिल्या डोसनंतरच होतात, हेही इथे ध्यानात घ्या. पुस्तकावरचं नाव, जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का बघा, शिक्का आणि सही वाचता येते का बघा. आजींना मात्र ही सवलत नाही, त्या कधी बोटीवर गेल्या नव्हत्या.

लस कुठे मिळते? गावातल्या किंवा तालुक्याच्या दवाखान्यात नाही, खासगी डॉक्टरकडेही नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेकडे आणि जे. जे. रुग्णालयात, सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्गच्या लोकांना गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य केंद्र जवळ पडतं. ठरावीक वार, आधी नोंदणी, असा मामला असतो. म्हणून आधी चौकशी करा आणि मगच गाडीचं आरक्षण करा. रात्रभर बसून दादरला उतरायचं आणि "आज लस नाही" ऐकायचं, हे म्हाताऱ्या माणसाच्या नशिबी नको. मूळ पासपोर्ट बरोबर हवा. साठीच्या वर असाल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र, आजार आणि औषधांच्या यादीसकट, घेऊनच जा. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. शिवाय लशीनंतरचा महिना घरच्या डॉक्टरांच्या टप्प्यात घालवता आला तर बरं, म्हणून मी दहा दिवसांवर थांबत नाही, दीड महिना आधी घ्या म्हणते. पहिल्या आठवड्यात थोडा ताप, अंगदुखी होते. जोराचा ताप, प्रचंड डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वागणं, कावीळ असं काही दिसलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा आणि लस कधी घेतली ते सांगा.

डेंग्यू-चिकनगुनियाच्या लशी

परदेशातली मुलं हल्ली फोनवर सांगतात, "इथे चिकनगुनियाची लस मिळते, आई आली की देऊन टाकतो." थांबा. चिकनगुनियाच्या दोन लशी निघाल्या आहेत. त्यातली एक, इक्सचिक, जिवंत विषाणूची आहे. २०२५ मध्ये रियुनियन बेटावरच्या साथीत ती ज्येष्ठांना दिली गेली, तेव्हा काही जणांना गंभीर त्रास झाला, काही दगावलेही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने तिचा परवाना स्थगित केला. दुसरी, व्हिमकुन्या, जिवंत विषाणूची नाही. तेव्हा लशीचं नाव विचारल्याशिवाय आईचा दंड पुढे करू नका.

डेंग्यूच्या लशींवरचा अभ्यास मुख्यतः मुलांवर आणि तरुणांवर झालेला आहे, साठीपुढच्यांबद्दलची माहिती तोकडी आहे. थोड्या दिवसांच्या प्रवासासाठी मी कुणा ज्येष्ठाला त्यांच्या मागे लागायला सांगणार नाही. आग्नेय आशियात खेड्यात, भातशेतीजवळ महिनाभर किंवा जास्त राहणार असाल तर जपानी मेंदूज्वराच्या लशीबद्दल विचारा.

मलेरियाच्या गोळ्या

मलेरियाची लस प्रवाशांसाठी नाही. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ ही लस आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे. मोठ्या प्रवाशाने घ्यायच्या त्या प्रतिबंधक गोळ्या, आणि त्यांचा नेम चुकला की त्या असून नसल्यासारख्या. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर चालत नाही. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे, आणि तिच्याने उन्हात कातडी भाजते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण फिट, मानसिक आजार किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड असलेल्यांना ती नको. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी रक्त तपासणी ठरवून घ्या. कुठली गोळी हे डॉक्टरच सांगतील. परतल्यावर उरलेल्या गोळ्या "आता कशाला" म्हणून फडताळात टाकू नका, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

डासच चावला नाही तर

आपण लहानपणापासून डासांतच वाढलो. तिन्हीसांजेला नारळाची सोडणं पेटवून धूर करायचा, दारं लावून घ्यायची, एवढंच आपल्याला माहीत. ते मलेरियाच्या डासाला ठीक, कारण तो सांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. डेंग्यू, चिकनगुनिया, झिका, पिवळा ताप पसरवणारा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि ऊन उतरताना जास्त. म्हणजे आजोबा बाल्कनीत पेपर वाचत असतात आणि आजी नातवाला बागेत नेते, नेमकी तीच वेळ.

अंगाला लावायचं मलम किंवा स्प्रे घेताना डब्यावर घटक वाचा. डीईईटी २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के असलेलं चांगलं. आपल्या ओडोमॉसमध्ये १२ टक्के डायइथाइल बेंझामाइड असतं. ते न्या, पण त्याचा असर कमी वेळ टिकतो, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. उन्हासाठी क्रीम लावणार असाल तर ते आधी, डासांचं त्याच्यावर. कडुलिंबाचं तेल, लसणाच्या पाकळ्या यांच्या भरवशावर आफ्रिकेत जाऊ नका.

साडी नेसणाऱ्यांना एक सांगते, पुरुष डॉक्टरांना हे सुचत नाही. साडीत कंबर, पाठीचा वरचा भाग आणि घोटे उघडे राहतात, आणि एडिसला घोटे फार आवडतात. घोट्यांना, पावलांच्या वरच्या बाजूला आणि कमरेला मलम लावायचं, हात-तोंड झालं की संपलं नाही. जंगल बघायला जाताना सलवार-कमीज आणि पायमोजे घाला, लाजू नका. आजोबांनी लुंगी-बनियनवर अंगणात बसायची सवय तेवढे दिवस मोडावी. फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे बरे.

भिंतीला लावायचं लिक्विड मशीन नेणार असाल तर प्लग बघा. आखात, केनिया, सिंगापूर, मॉरिशसमधल्या बऱ्याच घरांत चौकोनी तीन पिनांचे बोर्ड असतात, आपली गोल पिन बसत नाही. तिकडेच मशीन विकत घेतलेलं सोपं. मच्छरदाणी मात्र इथूनच न्या, औषध लावलेली मिळाली तर उत्तम, आणि कडा गादीखाली खोचा.

ताप आला तर

तिकडे असताना ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी ती मनाने बंद करू नये, पण पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावी. डेंग्यूत ताप उतरला की सगळे हुश्श करतात, आणि धोका त्याच वेळी सुरू होतो : पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडणं, ग्लानी. यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णालय. म्हणून प्रवासविमा घेताना जुने आजार लपवू नका, नाहीतर ऐन वेळी कंपनी हात वर करते.

परतल्यावरचा ताप आमच्या कोकणात जास्त अवघड. माणसं पावसाळ्यात परततात, तेव्हा शेतात लावणी चालू असते. ताप आला की आमचे डॉक्टर आधी लेप्टोचा (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) विचार करतात, मग डेंग्यूचा; दोडामार्ग-बांद्याकडे माकडतापाचाही, जो गोचिडीतून होतो. त्यांचं चुकत नाही, इथे तेच असतं. पण आफ्रिकेतला फाल्सिपेरम हा मलेरियाचा जीवघेणा प्रकार दोन-तीन दिवसांत माणसाला अत्यवस्थ करू शकतो. तेव्हा केस पेपर काढतानाच सांगा : "मी अमुक तारखेला अमुक देशातून आलो." चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, कारण तापात म्हाताऱ्या माणसाला बोलायचं भान राहत नाही आणि बरोबर आलेल्या शेजाऱ्याला काही माहीत नसतं. मलेरियासाठी रक्त त्याच दिवशी तपासून घ्या. पहिल्यांदा काही निघालं नाही आणि ताप राहिला, तर पुन्हा तपासा. पहिले तीन महिने ही काळजी नक्की, आणि वर्षभर कुठल्याही तापात प्रवासाचा उल्लेख करा.

इटलीतल्या त्या खेड्याची गोष्ट इथे लागू होते. परतल्यावर तीन आठवडे, अंगात ताप नसला तरी, दिवसाही मलम लावा आणि मच्छरदाणीत झोपा, म्हणजे तिकडून आणलेला विषाणू वाडीतल्या डासाला मिळणार नाही. आणि माणसं परत यायच्या आधीच घरच्यांनी आगर एकदा फिरून यावं : उताण्या करवंट्या, पोफळीच्या पडलेल्या विऱ्या, न्हाणीघरामागचं पिंप, तुळशीपाशी विसरलेली बादली. पाणी ओतून द्यायचं, पिंपाला कापड बांधायचं, आणि दर आठवड्याला एक वार त्यासाठी धरायचा.